फायबर पोस्ट निसटू नये म्हणून: सिमेंटआधीची पाच मिनिटं

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा सोमवार होता. लालबागच्या एक काकू औषधाची रिकामी डबी घेऊन आल्या. डबीत त्यांची कॅप, कॅपच्या आत कोअर (दाताचा बांधून काढलेला गाभा) आणि कोअरमधून शेपटीसारखी बाहेर आलेली फायबर पोस्ट, म्हणजे कोअरला आधार द्यायला मुळात चिकटवतात ती काडी. "मॅडम, जाऊबाईंनी लोणावळ्याहून चिक्की आणली होती," एवढंच त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. दात बघायच्या आधी मी ती पोस्ट दिव्याखाली धरली. गुळगुळीत, चकचकीत, जणू आत्ताच पाकिटातून काढलेली. सिमेंट सगळंच्या सगळं मुळात राहिलेलं. पोस्ट मीच बसवली होती, प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा पाकीट फोडायचं, कनालमध्ये (मुळातल्या नळीत) बसते का बघायचं, सिमेंट लावायचं आणि ते घट्ट व्हायला लाइट मारायचा, एवढीच माझी पद्धत होती.

नायर किंवा जीडीसी या मुंबईतल्या डेंटल कॉलेजांतून इंटर्नशिप संपवून जे माझ्याकडे काम शिकायला येतात, त्यांना मी पहिल्या आठवड्यात जे सांगते तेच इथे लिहिते आहे. रूट कॅनाल, क्राउन कटिंग, इम्प्रेशन तुम्हाला येतं असं धरून चालते. विषय फक्त पोस्टच्या पृष्ठभागाचा आणि त्याला लागून जेवढं येईल तेवढ्याचा.

आधी निसटलेली पोस्ट वाचा

धातूची पोस्ट हरते तेव्हा बऱ्याचदा मूळच उभं चिरतं आणि दात काढावा लागतो. डेंटिनचा (दाताच्या आतल्या मुख्य थराचा) ताठपणा साधारण १८ गिगापास्कल, स्टीलचा २०० च्या आसपास. फायबर पोस्ट डेंटिनच्या बरीच जवळ असते, त्यामुळे ती दाताबरोबर वाकते आणि हरली तर सहसा निसटते. मूळ शाबूत असलं तर पुन्हा बसवता येते. म्हणजे फायबर पोस्टचं अपयश त्यातल्या त्यात परवडणारं आहे, पण पेशंटला हे सांगायला जाऊ नका.

निसटलेली पोस्ट फेकून देऊ नका, लूपखाली (भिंगाखाली) बघा. पोस्ट स्वच्छ आणि सिमेंट आत असेल तर पोस्ट आणि सिमेंट यांची गाठ सुटली. पोस्टवर सिमेंटचं पूर्ण आवरण असेल तर सिमेंट आणि डेंटिन यांची गाठ सुटली. दोन्हीचे तुकडे तुकडे दिसले तर मिश्र प्रकार. यातला दुसरा प्रकार जास्त वेळा दिसतो, कारण कनालच्या आतलं डेंटिन हा चिकटवण्यासाठी फार अवघड पृष्ठभाग आहे. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पोस्टवर कितीही मेहनत घेतली तरी ती पहिल्याच प्रकाराचा बंदोबस्त करते. कनाल घाणेरडा ठेवून पोस्टला सायलेन (चिकटायला मदत करणारं रसायन) लावणं म्हणजे भिंतीची पोपडी न काढता महागडा रंग मारणं.

पोस्ट म्हणजे चिक्की

काकूंच्या चिक्कीने मला एक उदाहरण मात्र फुकटात दिलं. फायबर पोस्ट ही चिक्कीसारखीच असते. शेंगदाणे म्हणजे काचेचे किंवा क्वार्ट्झचे तंतू, गूळ म्हणजे त्यांना धरून ठेवणारं रेझिन. बहुतेक पोस्टमध्ये हा गूळ इपॉक्सी रेझिनचा असतो. कारखान्यात तो इतका पक्का शिजवलेला असतो की त्यात बाहेरच्या कशाशी जोडून घ्यायला मोकळे हातच उरत नाहीत. आपली रेझिन सिमेंट मिथॅक्रिलेट या वेगळ्या रेझिनची. त्यांचं आणि इपॉक्सीचं रासायनिक नातं जुळत नाही.

आता सायलेन. त्याच्या रेणूचं एक टोक काचेतल्या सिलिकाला पकडतं, दुसरं मिथॅक्रिलेटला. म्हणजे त्याला शेंगदाणा कळतो, गूळ कळत नाही. कोऱ्या पोस्टवर वरचा बहुतेक भाग गुळाचाच असतो, मग सायलेन पकडणार कशाला? त्यामुळे पृष्ठभागावरच्या सगळ्या उपचारांचा हेतू एकच: वरचा गूळ थोडा धुऊन शेंगदाणे उघडे पाडायचे, पण ते फुटू द्यायचे नाहीत आणि सुटून पडू द्यायचे नाहीत. हे एकदा डोक्यात बसलं की कोणती पद्धत चांगली आणि कोणती वाईट हे पाठ करावं लागत नाही.

पायरी पहिली: हातातली पोस्ट कोणती आहे ते ओळखा

पाकिटावरचं पत्रक वाचा. खरंच वाचा. डीलरने "सगळ्या सारख्याच असतात डॉक्टर" म्हटलं तरी वाचा.

काळी पोस्ट असेल तर ती कार्बन तंतूंची. १९९० च्या सुमारास फायबर पोस्टची सुरुवात फ्रान्समध्ये याच प्रकाराने झाली. कार्बनमध्ये सिलिका नाही, त्यामुळे तिथे सायलेनला पकडायला काही नाही. आता ती क्वचितच हाती लागते. पांढरी किंवा अर्धपारदर्शक पोस्ट काचेची किंवा क्वार्ट्झची, आणि या लेखातलं बाकी सगळं तिच्यासाठी आहे.

मग बघा की मेट्रिक्स (म्हणजे तो गूळ) इपॉक्सीचं आहे की मिथॅक्रिलेटचं. खाली येणारा पेरॉक्साइडचा सगळा तर्क इपॉक्सीसाठी आहे. काही पोस्ट कारखान्यातूनच सिलिका आणि सायलेनचा थर चढवून येतात. त्यांच्यावर आपण पेरॉक्साइड किंवा सँडब्लास्टिंग केलं तर पैसे देऊन घेतलेला थर आपणच उतरवतो. अशा पोस्टला पत्रकात लिहिलं असेल तेवढंच करा. आणि एक मऊ प्रकार असतो, कनालच्या आकाराप्रमाणे वाकवून मग लाइटने कडक करायचा. त्याच्या मेट्रिक्समध्ये बाँडिंग रेझिन थोडं शिरू शकतं, म्हणून त्याची तऱ्हा वेगळी.

पायरी दुसरी: सगळी मोजमापं आधी, रसायन नंतर

नवीन मुलं हमखास इथे चुकतात. असिस्टंट उत्साहाने पोस्टला सायलेन लावून ठेवते, मग डॉक्टर ती कनालमध्ये घालून बघतो, लाळ लागते, एक्स-रे होतो, पोस्ट पुन्हा पुसली जाते. सायलेन गेलं पाण्यात.

म्हणून पोस्ट स्पेस (कनालमधली पोस्टची जागा) पूर्ण करा, टोकाला ४ ते ५ मिलिमीटर गटापर्चा (कनाल भरायचा रबरासारखा पदार्थ) राखा, पोस्ट बसवून आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे) काढा, लांबीची खूण करा आणि तोंडाबाहेर कापा. कापायला डायमंड बर किंवा डायमंड डिस्क आणि पाणी. वायर कटर कधीच नाही. एका दणक्यात तुटते खरी, पण तंतू चेपतात आणि चीर आत किती गेली ते दिसत नाही. लांबी अशी ठेवा की पोस्टच्या डोक्यावर निदान २ मिलिमीटर कंपोझिट येईल. उघडं राहिलेलं टोक तंतूंच्या वाटेने ओल आत ओढतं.

कापल्याची भुकटी पोस्टवर बसलेली असते, म्हणून कापणं नेहमी साफसफाईच्या आधी.

पायरी तिसरी: साफ करा आणि मग हात लावू नका

अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या गॉझने पोस्ट पुसा आणि हवेने वाळवा. ट्राय-इनच्या (बसवून बघण्याच्या) वेळी लाळ किंवा रक्त लागलं असेल तर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड मिनिटभर लावून भरपूर पाण्याने धुवा. हे ॲसिड इथे साबणाचं काम करतं. त्याने इपॉक्सी विरघळत नाही आणि तंतू उघडे पडत नाहीत. "आम्ही पोस्ट एच करतो" (एच म्हणजे ॲसिडने पृष्ठभाग खरवडणं) असं कोणी अभिमानाने सांगितलं तर काय एच केलंत हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

यापुढे पोस्टला बोट लावायचं नाही, ग्लोव्ह्ज घातले असले तरीही. लॉक होणाऱ्या चिमट्यात अगदी वरच्या टोकाला पकडा आणि सिमेंट होईपर्यंत तो चिमटा सोडू नका. चिमट्याखाली झाकलेला भाग कोअर बांधताना बाँडिंग एजंटने पुसून घ्या. पोस्टचा वरचा अर्धा भागही कोअरच्या कंपोझिटला चिकटायचा असतो, हे बरेच जण विसरतात. उपचार पूर्ण लांबीला करायचा, फक्त कनालमध्ये जाणाऱ्या भागाला नाही.

पायरी चौथी: हायड्रोजन पेरॉक्साइड

माझ्या हातात सगळ्यात जास्त बसलेली पद्धत ही. पेरॉक्साइड वरच्या इपॉक्सीचं ऑक्सिडेशन करून ती थोडी विरघळवतं, तंतूंना मात्र धक्का लावत नाही. गूळ जातो, शेंगदाणा अख्खा राहतो. प्रयोगशाळेत आधी १० टक्के द्रावणात २० मिनिटं पोस्ट बुडवून हे सिद्ध झालं. २० मिनिटं क्लिनिकमध्ये कोणाला परवडणार? नंतर २४ टक्के द्रावण १ मिनिट ठेवलं तरी काम होतं हे दिसलं आणि पद्धत खुर्चीपर्यंत आली.

टक्केवारीचा मोठा घोळ होतो. केमिस्टकडे मिळणारी बाटली "२० व्हॉल्यूम" म्हणजे साधारण ६ टक्क्यांची असते. ती जखम धुवायची. तिच्यात पोस्ट मिनिटभर बुडवून समाधानापलीकडे काही मिळणार नाही. "१०० व्हॉल्यूम" म्हणजे साधारण ३० टक्के, ती लॅबोरेटरी केमिकलच्या दुकानात मिळते. तिचे ४ भाग आणि डिस्टिल्ड वॉटरचा १ भाग मिसळला की २४ टक्के होतं. लागेल तेवढंच, त्याच दिवशीचं बनवा. मूळ बाटली फ्रिजमध्ये, अंधारात आणि हवा निसटू देणाऱ्या झाकणाची हवी. मेच्या उकाड्यात बाहेर राहिलेल्या बाटलीत पेरॉक्साइड विघटन पावून नुसतं पाणी उरत जातं. नायट्राइल ग्लोव्ह्ज आणि चष्मा घाला. कातडीवर थेंब पडला तर पांढरा डाग पडतो आणि झोंबतं. ही बाटली पेशंटच्या ट्रेवर ठेवू नका, तिचं काम मागच्या ओट्यावर.

कृती सोपी आहे. काचेच्या डॅपेन डिशमध्ये (छोट्या वाटीत) थोडं द्रावण घ्या, पोस्ट १ मिनिट त्यात फिरवा. मग पाण्याखाली पूर्ण मिनिटभर धुवा. हे धुणं टाळू नका. शिल्लक राहिलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही आणि मग जिथे सगळ्यात मजबूत हवं तिथेच सिमेंट कच्चं राहतं. धुतल्यावर कोरड्या हवेने वाळवा. पेरॉक्साइड कनालमध्ये अजिबात नाही, पोस्ट डिशमध्येच आणि दाताबाहेरच.

पायरी पाचवी: सायलेन

आता शेंगदाणे उघडे आहेत, सायलेनला पकडायला जागा आहे. मायक्रोब्रशने एक पातळ थर संपूर्ण पोस्टवर लावा, ६० सेकंद थांबा, मग हवेने हळू वाळवा. कोमट हवा मिळाली तर उत्तम, तिने अल्कोहोल आणि पाणी उडून जातं आणि जोडणी पक्की होते. माझ्या ओट्यावर त्यासाठी साधा हेअर ड्रायर आहे, सगळ्यात कमी उष्णतेवर आणि हातभर लांब धरायचा. एक थर पुरे. चमक यावी म्हणून दोन-तीन थर देणारे मी पाहिलेत. जाड सायलेन सायलेनलाच धरतं, पोस्टला नाही, आणि त्या थरातच फाटतं.

एका बाटलीतलं सायलेन आधीच पाण्याबरोबर क्रिया होऊन तयार केलेलं असतं. ते म्हातारं होत जातं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. थेंब काचेवर टाकून बघा: स्वच्छ असेल तर चालेल, दुधाळ किंवा गढूळ दिसला तर बाटली कचऱ्यात. दोन बाटल्यांचं असेल तर ऐनवेळी मिसळायचं, उरलेलं ठेवायचं नाही. आणि डॅपेन डिशमध्ये थेंब काढून फोन घ्यायला जाऊ नका. अल्कोहोल उडतं आणि परत येईपर्यंत तिथे वेगळंच काहीतरी उरलेलं असतं.

पेरॉक्साइड जमत नसेल तर निदान अल्कोहोल आणि सायलेन एवढं करा. कोऱ्या पोस्टपेक्षा ते बरं, फरक मात्र थोडा राहील. नुसत्या सायलेनच्या परिणामाबद्दल संशोधनात एकमत नाही, आणि आता कारण तुम्हाला कळलंच असेल.

सँडब्लास्टिंग आणि बाकीच्या वाटा

ज्यांच्याकडे खुर्चीजवळचं सँडब्लास्टर आहे त्यांना ते सगळीकडे वापरायचा मोह होतो. फायबर पोस्टवर ते चालतं, पण अगदी हलक्या हाताने: ५० मायक्रॉनची ॲल्युमिना, २.५ बारच्या आसपास दाब, सुमारे ३० मिलिमीटर अंतर, पोस्ट फिरवत फक्त ५ सेकंद. यापेक्षा जवळून किंवा जास्त वेळ मारलं तर तंतू तुटतात, पोस्टचा व्यास घटतो आणि कनालमध्ये घट्ट बसणारी पोस्ट सैल होते. सिलिकाचा थर चढवलेल्या ३० मायक्रॉन कणांचा मारा करून वर सायलेन लावायची कोजेटसारखी पद्धत तर्काला चांगली आहे, कारण ती सायलेनसाठी सिलिका वाढवते. नवशिक्याने मात्र त्यात पडू नये असं माझं मत. दाब आणि अंतर हाताला कळायला वेळ लागतो, आणि सराव पेशंटच्या पोस्टवर करायचा नसतो.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड नाही. सिरॅमिकच्या सवयीने हात त्या सिरिंजकडे जातो, पण इथे काच म्हणजे आपले तंतूच. ॲसिड शेंगदाणाच खातं आणि पोस्ट आतून कमजोर होते. मिथिलीन क्लोराइडचे प्रयोग झाले आहेत, पण ते विषारी आहे आणि क्लिनिकमध्ये आणायचं कारण नाही. लेसरचे निकाल एका ठिकाणी चांगले, दुसऱ्या ठिकाणी उलटे. मशीन असेल तर वाचा, नसेल तर हळहळू नका.

मुंबईची हवा

पुस्तकात "कोरड्या हवेने वाळवा" असं एका ओळीत लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने जुलैत परळमध्ये क्लिनिक चालवलेलं नसावं. पावसाळ्यात इथे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. कॉम्प्रेसर ती हवा दाबतो, टाकीत पाणी साचतं आणि थ्री-वे सिरिंजमधून (खुर्चीच्या हवा-पाण्याच्या नळीतून) बारीक तुषार येतात. सायलेन लावलेल्या पोस्टवर तुम्ही हवा नाही, पाणी मारत असता, आणि डोळ्यांना ते दिसतही नाही.

तपासायला सोपं आहे. माउथ मिरर सिरिंजसमोर धरून १० सेकंद फक्त हवा सोडा. आरशावर धुकं किंवा ठिपके दिसले की पोस्ट त्या हवेने वाळवायची नाही. कॉम्प्रेसरची टाकी पावसाळ्यात रोज सकाळी रिकामी करा, लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर बसवा, आणि कॉम्प्रेसर तेलविरहित असू द्या. तेलाचा अंशही सगळं फुकट घालवतो. दुसरी गोष्ट, सायलेनची बाटली फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका. थंड बाटलीच्या तोंडाशी दमट हवेतलं पाणी जमतं आणि आत जातं. १५-२० मिनिटं खोलीत ठेवून मगच झाकण काढा. माझी असिस्टंट पोस्टचा पेशंट वेटिंगमध्ये बसला की बाटली बाहेर काढते.

कनालकडे

पोस्टवर काम चालू असताना दुसऱ्या हाताखाली कनाल तयार व्हायला हवा, नाहीतर सायलेन लावलेली पोस्ट ताटकळते. भिंतीवर सीलर (कनाल भरताना वापरलेली लुकण) आणि गटापर्चाचा गुलाबी थर राहिला नाही ना, हे मोठं करून बघा. युजेनॉलवाला (लवंगतेलातल्या घटकाचा) सीलर वापरला असेल तर जास्तच घासून काढा, तो रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. सोडियम हायपोक्लोराइट शेवटचं द्रावण म्हणून ठेवू नका, त्याचाही ऑक्सिजन नडतो. मी १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरची भुकटी काढणारं द्रावण) मिनिटभर आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर असं करते. मग पेपर पॉइंट (ओल शोषणाऱ्या कागदी काड्या), शेवटचा पॉइंट जेमतेम ओलसर निघेपर्यंत. सेल्फ-ॲडहेसिव्ह (वेगळं बाँडिंग न लावता चिकटणारं) सिमेंट असेल तर कनाल फॉस्फोरिक ॲसिडने एच करायचा नाही आणि हवेने कोरडा ठक्कही करायचा नाही.

सिमेंट लांब टोकाच्या नळीने कनालच्या तळापासून वर भरत या. लेंट्युलो (सिमेंट आत फिरवणारी बारीक स्प्रिंग) काही सिमेंटना वेळेआधीच घट्ट करतो. पोस्ट हळू आत सोडा, बोटाने स्थिर दाबून धरा, जादा सिमेंट काढा आणि वरून ४० सेकंद लाइट. लाइट खालपर्यंत पोचतोच असं नाही, अगदी अर्धपारदर्शक पोस्टमधूनही. सिमेंट ड्युअल-क्युअर (लाइटने आणि आपोआपही घट्ट होणारं) असलं तरी पत्रकात दिलेली मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय कोअर कापायला घेऊ नका. पेशंटला पाच-सहा मिनिटं बसायला सांगायला संकोच कसला?

हात बसवायला

कापलेल्या पोस्टचे तुकडे टाकू नका. एका तुकड्याला काहीच करू नका, दुसऱ्याला फक्त सायलेन लावा, तिसऱ्याला पेरॉक्साइड आणि सायलेन दोन्ही. तिघांवर कोअर कंपोझिटचा सारखा गोळा लावून लाइट मारा, दिवसभर पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी पक्कडीने गोळा ओढून काढायचा प्रयत्न करा. याला कोणी शोधनिबंध म्हणणार नाही, पण माझ्याकडच्या प्रत्येक नव्या मुलाला तिसरा तुकडा ओढताना कळतं की आपण काय करतोय. प्रयोगशाळेत हेच मुळाच्या मिलिमीटरभर चकत्यांमधून पोस्टचा तुकडा ढकलून मोजतात. लागलेलं बल भागिले चिकटलेलं क्षेत्रफळ, म्हणजे मेगापास्कल.

पहिल्या दहा पोस्टना घड्याळ लावा. पेरॉक्साइड, धुणं, वाळवणं, सायलेन, पुन्हा वाळवणं हे सगळं पाच मिनिटांत बसलं पाहिजे. जास्त वेळ लागत असेल तर बहुधा ट्रे आधी मांडलेला नसतो.

आणि केस पेपरवर चार गोष्टी लिहा: पोस्टचं नाव आणि लॉट नंबर, कोणता उपचार केला, सायलेनची बाटली कधी उघडली होती, सिमेंट कोणतं. काकूंच्या जुन्या पेपरवर माझ्या अक्षरात फक्त "पोस्ट डन" एवढंच होतं.